कॉलर शेवटी

मिस वायनेलकडे कोणीही गाणं शिकायला आलं, की त्याच्या मांडीवर आधी पत्र्याचं घमेलं यायचं आणि त्यात चवळीच्या शेंगा. माणूस किती मोठा आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. हायवेवरच्या पाटीवर ज्याचा चेहरा ट्रकएवढा लागायचा, असा एक गायक मी स्वतःच्या डोळ्यांनी त्यांच्या पोर्चवर शेंगा सोलताना पाहिला आहे. डोक्यावर भलीमोठी हॅट, पायांत नक्षीचे बूट आणि अंगठे जांभळे. इकडच्या चवळीच्या शेंगा जांभळ्या असतात आणि त्यांचा रंग लवकर जात नाही. बराच वेळ झाला तरी गाण्याचं नाव नाही. शेवटी तो बिचारा म्हणाला, "मॅम, आपण सुरू कधी करायचं?"

"हनी, मघापासून तू मला तुझ्या आईच्या गुडघ्याबद्दल सांगतोयस ना? किती छान सांगितलंस. आता तुझं गाणं तसंच सांग. गाऊ नकोस. सांग."

तो दोन ओळी बोलला आणि अडकला. ज्या गाण्यावर स्टेडियम भरत होतं, ते त्याला एका म्हातारीला समोर बसून सांगता येईना. मी कुंपणापलीकडून ऐकत होते. ऐकत होते म्हणजे कोथिंबिरीला पाणी घालत होते. कोथिंबिरीला एवढं पाणी लागत नाही, हे मलाही कळतं.

वायनेल कॉबर्न हे नाव आपल्याकडे कोणाला सांगून उपयोग नाही. टेक्ससमध्ये मात्र साठीच्या पुढच्या माणसाला नुसतं 'वायनेल' म्हटलं तरी पुरतं. कंट्री म्युझिक म्हणजे इथल्या खेड्यापाड्यातलं, शेतातलं, चर्चमधलं गाणं. एक गिटार, एक फिडल म्हणजे व्हायोलिन आणि एक गोष्ट. राग नाही, आलाप नाही, तान तर नाहीच नाही. मी सांगलीची. लहानपणी सात वर्षं गाणं शिकले, आमच्या बाई म्हणायच्या, आधी सूर, शब्दांचं मग बघू. त्यामुळे पहिली काही वर्षं मी या संगीताला नाक मुरडायची. गाडीत रेडिओवर लागलं की बंद करायची.

मिस वायनेलचं एकच गाणं खूप गाजलं, आणि तेही त्यांच्या आवाजात जेवढं गाजलं त्याच्या कितीतरी पट दुसऱ्यांच्या आवाजात. पण त्यांचं खरं देणं गाण्यात नाही, एका थांब्यात आहे. शेवटच्या ओळीत, शेवटच्या शब्दाआधी, त्या थांबायच्या. साथीची वाद्यंही थांबायची. मग शब्द यायचा. आज कंट्री गाणारी निम्मी पोरं तसं थांबतात, कोणाकडून शिकलो हे ठाऊक नसतानाही. रेडिओवर कोणी असा श्वास धरला, की श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, गाडी चालवता चालवता म्हणतो, "बघ, शेजारीण आली."

आमची ओळख चवळीमुळे झाली. शुगर लँडला आम्ही घर घेतलं तेव्हा आमच्या कॉलनीच्या मागच्या अंगाला एक जुनं लाकडी घर होतं. आमची घरं सगळी एका साच्यातून काढलेली, तेवढं एकच वेगळं. पोर्च, त्यावर दोन खुर्च्या, अंगणात पेकनचं, म्हणजे अक्रोडासारख्या फळाचं झाड, आणि कुंपणावर चढलेला वेल. वेलाच्या शेंगा आमच्या बाजूला लोंबत होत्या. मी दोन तोडून पाहिल्या तर चवळी! परक्या देशात चवळीची शेंग दिसल्यावर बाईमाणसाचं काय होतं ते बाईमाणसालाच कळेल. मी तिसरी तोडत होते तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "त्या अजून कोवळ्या आहेत, हनी. शुक्रवारी ये."

मी शुक्रवारी गेले. बोलता बोलता कळलं, की त्यांचे वडील इथल्या साखर कारखान्यात होते. गावाचं नावच मुळी त्यावरून पडलंय. मी म्हटलं, मीसुद्धा साखर कारखान्याच्या गावची, आमच्याकडे भोंग्यावर घड्याळ लावायचे. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "भोंगा चुकला तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तर घड्याळ चुकलं असं समजायचं." त्या एवढ्या हसल्या, की त्यांना खोकला आला. त्यांच्या आईनंही भोंग्यालाच खरं मानलं होतं म्हणे, अगदी घड्याळ घेतल्यावरसुद्धा. त्या दिवसापासून मी 'मीना' झाले आणि त्या 'मिस वायनेल'. इकडे दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात, नावाआधी मिस, मग ती चार लेकरांची आजी असली तरी. आपल्या मावशी-काकूसारखंच.

बाई तशा हट्टी. थंड चहात इतकी साखर घालायच्या, की चमचा उभा राहावा. त्यांना दिसेल ते इस्त्री करायची सवय होती. उशीचे अभ्रे, ताटं पुसायची फडकी, एकदा तर मी दिलेली शेंगदाण्याच्या लाडवांची कागदी पिशवी त्यांनी इस्त्री करून परत केली. स्वतःची रेकॉर्ड घरात कधी लावली नाही. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायच्या, कारण पुढे बसलं की लोकांचे चेहरे दिसत नाहीत. मी म्हटलं, मागून तर नुसत्या माना दिसतात. तर म्हणाल्या, "मानाही खूप सांगतात." पिकअप ट्रक एवढ्या हळू चालवायच्या, की मागे वरात निघायची, आणि कोणी हॉर्न दिला की त्या त्याला हात करायच्या, ओळखीचाच कोणीतरी असणार म्हणून.

त्यांच्या त्या थांब्याची गोष्ट मला त्यांनीच सांगितली. गावाबाहेर तासाभराच्या अंतरावर एक जुना डान्स हॉल आहे. लाकडी फळ्यांची जमीन, वर पत्रा, बाहेर लाकडाच्या धुरावर दिवसभर मांस भाजत ठेवलेलं. लोक कुटुंबासकट येतात, खातात, नाचतात. त्या सोळा वर्षांच्या असताना तिथे पहिल्यांदा उभ्या राहिल्या. समोर सगळे खात होते. कोणी मान वर करून बघेना. त्या एवढ्या घाबरल्या, की लोकांच्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून तोंडांकडे बघत राहिल्या. "आणि मग माझ्या लक्षात आलं, मीना. गाणं पोचलं, की चावणं हळू होतं. खूप पोचलं, की थांबतं. टाळ्यांचं काही खरं नाही, लोक सभ्य असतात. पण जबडा खोटं बोलत नाही." शेवटच्या शब्दाआधी त्या एवढ्याचसाठी थांबायच्या. हॉलमधला शेवटचा जबडा थांबेपर्यंत. लोकांना ती कला वाटली. समीक्षकांनी त्याला काय काय नावं दिली. बाई नुसती वाट बघत होती.

आता ते गाणं. मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि त्यांनी ते गायलं नाही, सांगितलं. एक बाई नवऱ्याचा रविवारचा शर्ट इस्त्री करतेय. आधी बाह्या, मग पाठ, मग बटणांची पट्टी. बाहेर माणसं खोळंबलीत. कोणीतरी दारात येऊन हळूच विचारतं, झालं का? ती म्हणते, कॉलर राहिलीय. पुन्हा पाठ करते, पुन्हा बाह्या करते. पुन्हा कोणी येतं. कॉलर राहिलीय. आणि शेवटी ती म्हणते: कॉलर झाली की शर्ट झाला, शर्ट झाला की तो गेला.

मला गाण्यातलं कळो न कळो, इस्त्रीतलं कळतं. मी म्हटलं, "पण मिस वायनेल, कॉलर आधी करतात."

"हे गाणं मी जन्मभर गातेय," त्या म्हणाल्या. "पुरुषांना हे कधीच कळलं नाही. बायकांना कळतं, पण कोणी बोललं नव्हतं. हो, हनी. कॉलर आधी करतात. माझी आईही आधीच करायची. त्या एका दिवशी तिनं शेवटी केली."

वडील झोपेतच गेले होते, आणि इकडे माणसाला त्याच्या चांगल्या कपड्यांत पुरतात. मिस वायनेल तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. दारात येऊन 'झालं का' विचारणाऱ्या त्याच. मी उगाच शेंगा सोलत राहिले.

यानंतरचा प्रसंग मात्र आमच्या अब्रूचा आहे. श्रीकांत त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचा मुख्य होता. त्याच्या डोक्यात आलं, शेजारी एवढी मोठी गायिका असताना आपण तिला बोलवायचं नाही म्हणजे काय! शाळेचं सभागृह, समोर आरास, मोदक, लहान मुलांचे नाच. मिस वायनेल इस्त्री केलेला निळा ड्रेस घालून, गिटार घेऊन, वेळेआधी येऊन बसल्या. आपला कार्यक्रम आणि वेळेवर? एकेका नाचाची ध्वनिफीत सापडेना, एका मुलीचा मुकुट हरवला, आणि त्यांची पाळी यायची ती वेळ नेमकी जेवणाची झाली. केटररचे ट्रे आले. मसालेभाताचा वास सुटला. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, काकांची शुगर लो होईल, मुलांना भूक लागलीय. तेव्हा माझ्या नवऱ्यानं हातात माइक घेऊन, सगळ्यांचं भलं करण्याच्या हेतूनं जाहीर केलं, "मंडळी, गरमागरम मसालेभात आणि जिलबी तयार आहे. रांग लावून घ्या. आणि सोबत आस्वाद घ्या कंट्री संगीताचा!"

खुर्च्यांचा खडखडाट झाला. अर्ध्या मिनिटात गायिकेसमोर फक्त खुर्च्या, आणि अख्खं मंडळ भिंतीकडच्या रांगेत. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी स्टेजजवळ जाऊन म्हटलं, "आय अ‍ॅम सो सॉरी, मिस वायनेल, मी त्यांना थांबवते." त्या गिटार जुळवत होत्या. म्हणाल्या, "कशाला? मी आजवर उपाशी माणसांपुढे कधी गायले नाही. जेवू दे त्यांना. ते पिवळं गोल काय आहे?" मी म्हटलं जिलबी. "चिवट असतं?" मी म्हटलं कुरकुरीत. "छान. ऐकू येईल."

पहिल्या गाण्याला ताटांचाच आवाज जास्त होता. मध्येच श्रीकांतनं पुन्हा माइक घेतला, "चंदेरी मिनीव्हॅन कोणाची आहे? गेट ब्लॉक झालंय यार." मिस वायनेल गाता गाता थांबल्या, म्हणाल्या, "जा हनी, काढून ये. मी थांबते." आणि खरोखर थांबल्या. तो माणूस धावत गेला, धावत आला, आणि सगळे हसायला लागले. हसले म्हणजे बघायला लागले. मग त्यांनी शर्टाचं गाणं सुरू केलं.

मी गाणाऱ्या बाईकडे बघितलंच नाही. मी जबडे बघत होते. दुसऱ्या 'कॉलर राहिलीय'ला भाताचे घास मंदावले. कोपऱ्यातल्या जोशी काकूंनी पापड तोंडाशी नेला होता. तो चावला तर आवाज होईल म्हणून त्यांनी तसाच धरून ठेवला. ज्यांना इंग्रजी कळतं पण टेक्सन इंग्रजी कळत नाही असे सगळे आई-बाबा, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले, ताट हातात घेऊन उभे. शेवटच्या शब्दाआधी मिस वायनेल थांबल्या. त्यांची नजर सभागृहावरून एकदा फिरली. मग शब्द आला. बऱ्याच वेळानं कुठेतरी पापड वाजला.

सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. फोटो झाले, कोणी त्यांना कुंकू लावलं, कोणी जिलब्यांचा डबा भरून दिला. डॉक्टर बोरकर मात्र गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभे होते. बोरकर काका आमच्याकडचे सर्वांत जुने, घशाचे सर्जन, आता निवृत्त. जवळ येऊन त्यांनी नमस्कार केला आणि अगदी हळू विचारलं, "मॅम, आवाजात ही खरखर किती दिवसांपासून आहे?"

"डॉक्टर, त्या खरखरीचेच तर लोक पैसे देत आले."

"ती वेगळी," काका म्हणाले. "ती मी रेडिओवर चाळीस वर्षं ऐकलीय. माझ्या कारमध्ये तुमची कॅसेट होती. आजची दुसरी आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला, प्लीज."

काकांचं म्हणणं खरं निघालं. स्वरयंत्रातच गाठ होती, आणि ती अशी बसली होती की सगळंच काढावं लागणार होतं. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा मी आणि काका शेजारी होतो. श्वासाला गळ्यातून वेगळी वाट करतील. गाणं राहणार नाही, बोलणंही आत्तासारखं राहणार नाही. मिस वायनेलनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चवळी आणि मक्याचा ब्रेड खाता येईल?" येईल, म्हणाले. "मग करून टाका."

घरी आल्यावर त्या पोर्चवर बसल्या. सप्टेंबरची दुपार, हवा अंगाला चिकटत होती. "मला मरायची भीती नाही वाटत, मीना," त्या म्हणाल्या. "पण त्या गाण्याला कोणी नाही. आईची ती दुपार माझ्यानंतर कोणाकडेच नसेल." मी आपली समजूत घालायला गेले. म्हटलं, रेकॉर्ड आहेत, इतके लोक गातात. त्या म्हणाल्या, "गातात गं. सांगत कोणी नाही." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले, आणि माझेही भरले. ऑपरेशनला महिना होता.

त्या महिन्यात केसी आली. केसी पंचविशीतली, ह्यूस्टनची, आवाज असा की ऐकत राहावं. लहानपणापासून स्पर्धा जिंकत आलेली. मिस वायनेलना ती देवासारखी मानायची. शर्टाचं गाणं तिला पाठ होतं, आणि ती ते फार सुंदर गायची. प्रत्येक ओळीला गळ्याची एक नाजूक हरकत. मी तर कोथिंबीर सोडून कुंपणाशीच उभी राहायची. आमच्या बाई असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती.

मिस वायनेल मान हलवायच्या. "सुरेख. आता सांग."

केसी सांगायला लागली की तिचा आवाज नाटकी व्हायचा. मध्येच ती हसायची. कधी हातवारे करायची. "कोणाला सांगतेयस?" मिस वायनेल विचारायच्या. "ऑडियन्सला," केसी म्हणायची. "इथे ऑडियन्स नाही, हनी. इथे मी आहे आणि शेंगा आहेत." रोज हेच. पोरीचे अंगठे जांभळे झाले, एकदा ती रडलीही. मला मिस वायनेलचा राग आला, आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, "एवढं गोड गाते, घ्या ना तिचं गोड मानून. किती छळाल?" त्या म्हणाल्या, "गोड आहे म्हणूनच. कडू असती तर लवकर जमलं असतं." ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत केसीला ते गाणं सांगता आलं नाही. मिस वायनेल तिला काही टाकून बोलल्या नाहीत. गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "डान्स हॉलवर आता माझ्याऐवजी तूच म्हण. वसंतात." आणि मग आत जाऊन इस्त्री करत बसल्या.

त्या वर्षभरानंतर गेल्या. शांतपणे, घरीच, पेकन पडायच्या दिवसांत. ते आत्ताच सांगून टाकते, कारण मला शेवटी त्यांचं जाणं सांगायचं नाही.

ऑपरेशननंतर त्यांना बोलायला एक छोटं यंत्र मिळालं. दाढीच्या मशीनएवढं. ते गळ्याला टेकवायचं आणि तोंडानं शब्द करायचे, की त्यातून आवाज निघतो. सगळे शब्द एकाच पट्टीत, चढ नाही, उतार नाही. पहिल्यांदा मी ते ऐकलं आणि घरी येऊन रडले. ज्या घशासाठी लोक मैलोन् मैल यायचे, त्यातून मिक्सरसारखा आवाज. त्यांनी मात्र पहिल्याच दिवशी त्यातून मला सांगितलं, "मीना. तुझी. कोथिंबीर. पाण्यानं. कुजली." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

वसंतात आम्ही डान्स हॉलला गेलो. मी, श्रीकांत, बोरकर काका आणि मिस वायनेल, गळ्याला निळा रुमाल बांधून. रस्त्याच्या दोन्ही कडांना निळी रानफुलं होती. हॉल भरलेला. लांब टेबलं, कागदी ताटं, धुराचा वास. आम्ही शाकाहारी म्हणून आमच्यापुढे ब्रेड, लोणच्याच्या काकड्या आणि बटाट्याचं सॅलड. लोक मिस वायनेलच्या खांद्याला हात लावून जात होते.

केसी स्टेजवर आली. दोन गाणी झाली, टाळ्याही झाल्या. मग म्हणाली, पुढचं गाणं मिस वायनेलचं. आणि सुरू केलं. सुरेख. सगळ्या हरकती जागच्या जागी. आणि सगळा हॉल छानपैकी चावत होता. लोक माना डोलवत होते, एकमेकांना सॉस देत होते. केसीला ते दिसत होतं. आता तिलाही जबडे बघायची सवय लागली होती. पहिल्या 'कॉलर राहिलीय'शी तिचा आवाज हलला, आणि ती थांबली. तो काही वायनेलचा थांबा नव्हता. पोरगी अडकली होती.

वादक एकमेकांकडे बघायला लागले. मिस वायनेल उठल्या. सावकाश, त्यांच्या पिकअपसारख्या, त्या स्टेजच्या पायऱ्या चढल्या. श्रीकांत हात द्यायला उठला, त्याला त्यांनी नजरेनंच खाली बसवलं. वर जाऊन त्या केसीसमोर स्टुलावर बसल्या, प्रेक्षकांकडे कूस करून. रुमाल सैल केला. यंत्र गळ्याला लावलं. केसीचा माइक दोघींच्या मध्ये होता, म्हणून आम्हाला ऐकू आलं, नाहीतर ते आमच्यासाठी नव्हतंच.

"आधी. बाह्या," त्या यंत्रातून म्हणाल्या. "मग. पाठ."

एका पट्टीत, मिक्सरच्या आवाजात, त्या केसीला सांगत होत्या, की बाई शर्ट इस्त्री करतेय. बाहेर माणसं खोळंबलीत. दारात एक मुलगी आली. गाण्यात 'कोणीतरी' आहे. त्या दिवशी त्यांनी मुलगी म्हटलं. ती म्हणाली, आई, झालं का? कॉलर राहिलीय. केसी त्यांच्याकडे बघत होती. तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, की दारात कोण होतं. हॉलमध्ये काटे-चमच्यांचे आवाज कमी होत गेले. मुलगी पुन्हा आली. कॉलर राहिलीय. "कॉलर. झाली. की. शर्ट. झाला. शर्ट. झाला. की."

आणि मिस वायनेलनी यंत्र खाली घेतलं.

बाहेर धुराजवळ कोणाचं तरी कुत्रं भुंकलं, तेवढंच. त्या केसीकडे बघत राहिल्या. केसीचे ओठ हलले. गायली नाही ती. अगदी साध्या आवाजात, पोर्चवर बसून आईच्या गुडघ्याबद्दल बोलावं तशी, ती त्यांना म्हणाली, "तो गेला."

मिस वायनेलनी मान डोलावली. मग केसीनं गिटार घेतली आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. एकही हरकत नाही. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला ती एक गोष्ट सांगत होती, आणि आम्ही ती कुंपणापलीकडून ऐकत होतो.

मिस वायनेल मला दिसतात त्या तशा. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या सावकाश स्वतःला वळवलं आणि केसीकडे पाठ केली. पोरीकडे बघायची आता गरज राहिली नव्हती. तोंड आमच्याकडे, यंत्र मांडीवर, आणि नजर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, हॉलच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. श्रीकांत थांबलेला. बोरकर काका थांबलेले. केसीही थांबली, शेवटच्या शब्दाआधी, तिला जेवढं थांबायचं तेवढं. मिस वायनेलची नजर फिरत फिरत माझ्याजवळ आली. माझ्या तोंडात बटाट्याचा घास होता, केव्हाचा, तसाच. त्यांनी तो बघितला. मग शब्द आला, आणि त्यांनी मला हनुवटीनं खूण केली, आता चाव, बाई.